‘पोरावर प्रयोग नको’ म्हणणाऱ्या सासूबाईंना, आणि ताई तुम्हालाही

हर्णै बंदराजवळच्या एका गावातून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. वडील मासेमारीच्या बोटीवर. बोट बंदरातून सुटली की त्या रात्री मुलगा झोपत नाही. सकाळी पोटात दुखतं, कधी उलटी होते. शाळेत गेलाच तर बाईंच्या फोनवरून घरी तीनतीनदा विचारतो, ‘बाबा आले का?’ दापोलीत पोटाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी चिंतेचा आजार सांगितला. आता मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात अशा मुलांवर बारा आठवड्यांचा अभ्यास चालू असल्याचं कळलंय. कुणाला गोळी, कुणाला समुपदेशन, कुणाला औषध नसलेली गोळी, हे चिठ्ठीने ठरणार. मोठ्यांसाठीही तिथे वेगळा गट आहे, आणि ताईंना स्वतःलाच वर्षभर छातीत धडधड, झोप नाही, असं होतंय. सासूबाई म्हणतात, ‘पोरावर प्रयोग नको.’ नाव द्यावं की नाही?

ताई, आधी उत्तर देते, कारणं मग. मुलाचं नाव द्यायला माझी हरकत नाही. पण काही गोष्टी विचारल्याशिवाय सही करू नका. आणि मुंबईहून बोलावणं येईल म्हणून इथले उपचार लांबवू नका, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मी गेली सव्वीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात मानसोपचार करते आहे. ‘मोठा झाला की जाईल’ म्हणून थांबलेली मुलं मी मोठी झालेली पाहिली आहेत. त्यांतली काही आज पस्तिशीची आहेत आणि अजून एकट्याने एस.टी.त चढत नाहीत. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, ज्यांना आयुष्यात कधी चिंतेचा आजार झाला त्यांच्यात तो सुरू होण्याचं मधलं वय ११ निघालं होतं. म्हणजे निम्म्यांचं दुखणं पाचवी-सहावीपर्यंतच सुरू झालेलं असतं. तुमचा मुलगा नेमका त्याच वयात आहे.

तुमच्या लिहिण्यातली एक ओळ मी दोनदा वाचली. ‘जून-जुलैमध्ये मात्र अगदी बरा असतो.’ तुम्ही ती सहज लिहिली असेल, पण सासूबाईंच्या शंकेचं उत्तर तिच्यातच आहे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, बाबा घरात, जाळी विणायला पडवीत बसलेले. मुलाचं पोट दुखत नाही. आता समजा, मी त्याला एप्रिलच्या शेवटी एक गोळी सुरू केली. बारा आठवड्यांनी, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही त्याला घेऊन आलात. मुलगा झोपतोय, खातोय, पावसातून शाळेत जातोय. मी म्हणणार माझ्या गोळीने गुण आला. सासूबाई म्हणणार ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं होतं त्याचा गुण. दोघींनाही मनापासून तसंच वाटणार. आणि कदाचित दोन्ही नसतानाही तो जुलैमध्ये असाच बरा दिसला असता.

हे ओळखायचं कसं? त्याच्यासारखीच दुसरी मुलं घ्यायची, त्यांनाही एप्रिलमध्येच, दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी द्यायची, आणि जुलैमध्ये दोन्ही गटांकडे पाहायचं. कुठलं मूल कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरने ठरवायचं नाही, आईनेही नाही. नाहीतर डॉक्टर नकळत बरी होण्यासारखी मुलं आपल्या आवडत्या गटात घालतात. म्हणून चिठ्ठी. ज्याला आपण ‘प्रयोग’ म्हणून घाबरतो तो बहुतेक वेळा एवढाच असतो: बंदीचा हंगाम आणि औषधाचा गुण वेगवेगळे करून पाहण्याची रीत. बंदी फक्त समुद्रालाच असते असं नाही. माणसं आमच्याकडे येतात ती दुखणं सगळ्यात वर चढलेलं असताना. त्यानंतर ते थोडं उतरतंच, उपचार काहीही असोत.

हे किती उतरतं, याचा अंदाज एका अभ्यासातून येतो. मुलांच्या चिंतेवर उपचार करणाऱ्या जगभरच्या डॉक्टरांना तो तोंडपाठ असतो. अमेरिकेतल्या सहा केंद्रांवर झाला, निकाल २००८ साली आले, लघुनाव ‘कॅम्स’. ७ ते १७ वयाची ४८८ मुलं होती. कुणाला आईवडिलांपासून दूर होण्याची भीती, कुणाला चारचौघांची, कुणाला सगळ्याच गोष्टींची सतत काळजी. बारा आठवड्यांनी पाहिलं तेव्हा औषध नसलेल्या गोळीवरची १०० पैकी सुमारे २४ मुलं चांगली सुधारली होती. सरट्रालिन या औषधावरची ५५, विचार-वर्तनाच्या उपचारावरची, म्हणजे भीतीला थोडंथोडं सामोरं जायला शिकवणाऱ्या समुपदेशनावरची, ६०, आणि दोन्ही एकत्र मिळालेली ८१.

हे आकडे मी शिकाऊ डॉक्टरांना सांगते तेव्हा तीन वेळा वाचायला लावते. पहिल्या वाचनात ८१ दिसतो. दुसऱ्यात २४ दिसतो, म्हणजे चौथा हिस्सा मुलं औषधाविनाच सुधारली. नियमित भेटी, विचारपूस, कुणीतरी गांभीर्याने ऐकतंय ही जाणीव, एवढ्यावर. आणि तिसऱ्या वाचनात उरलेली १९ दिसतात, ज्यांना दोन्ही उपचार मिळूनही तेवढा फरक पडला नाही. तुमचा मुलगा यांपैकी कोण असेल, ते आकड्यावरून कुणीच सांगू शकत नाही. त्या ८१ बाबत आणखी एक गोष्ट मी नेहमी जोडते. दोन्ही मिळणाऱ्या मुलांना आपल्याला खरं औषध मिळतंय हे माहीत होतं, त्यामुळे त्यातला काही भाग आशेचाही असणार. तपासणाऱ्यांना मात्र कोण कुठल्या गटात आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्या निकालावर माझा विश्वास आहे.

याच मुलांपैकी २८८ जणांना संशोधकांनी सरासरी सहा वर्षांनी पुन्हा गाठलं. निम्म्याहून किंचित कमी जण आजारातून बाहेर होते. नंतरच्या काही वर्षांत दरवर्षी तपासलं तेव्हा सतत बरे राहिलेले फक्त २२ टक्के निघाले; जवळजवळ निम्म्यांचं दुखणं येऊन-जाऊन राहिलं. हे वाचून खचू नका, पण हे तुम्हाला आत्ताच माहीत असावं असं मला वाटतं. बारा आठवडे म्हणजे सुरुवात. पुढच्या वर्षी, सातवीत, किंवा दहावीला ते पुन्हा डोकं वर काढलं तर ‘उपचार फुकट गेले’ असं समजायचं नाही. शिकलेल्या पायऱ्या पुन्हा चढायच्या.

आता त्या पायऱ्यांबद्दल, कारण समुपदेशन म्हटलं की घरच्यांना वाटतं डॉक्टर मुलाला समजावून सांगणार. समजावून भीती गेली असती तर ती केव्हाच गेली असती. तुम्ही काही कमी समजावलं नसेल. या उपचाराचा गाभा वेगळा आहे. भीती टाळली की तेवढ्यापुरती उतरते, आणि त्या उतरण्यामुळेच पुढच्या वेळी अधिक मोठी होऊन येते. शाळेला दांडी मारली, पोट लगेच थांबलं. शरीर शिकलं: घरी राहिलो म्हणून वाचलो. हे उलटं शिकवायचं असेल तर मुलाला थोड्या भीतीत, त्याला झेपेल एवढ्याच, थांबू द्यावं लागतं, आणि भीती आपोआप ओसरते हे त्याला स्वतःच्या अंगात अनुभवू द्यावं लागतं. ओहोटी बघायची तर किनाऱ्यावर उभं राहावं लागतं.

माझ्याकडे एक मुलगी यायची. खाडी ओलांडणाऱ्या जंगलजेट्टीत, म्हणजे फेरीबोटीत, पाय ठेवायची नाही. फेरीबोट हलली की आपण बुडणार, असं तिला वाटे. शाळा पलीकडच्या काठावर. वडील रोज वळसा घालून मोटारसायकलने नेत, आणि ते प्रेमानेच. आम्ही पहिल्या आठवड्यात फक्त धक्क्यावर उभं राहिलो. मग बोट लागलेली असताना चढून उतरलो. मग एक फेरी, माझ्या मदतनीसाचा हात धरून. मग हात न धरता. पाचव्या आठवड्यात ती मैत्रिणींबरोबर गेली. औषध दिलं नव्हतं. सगळ्या मुलांना इतकं सरळ जात नाही. पण त्या वळशात वडिलांचं पेट्रोल जात होतं तसंच मुलीचं धैर्यही जात होतं, हे त्या घराला कळलं, आणि तिथून सगळं बदललं.

ताई, असा वळसा तुमच्या घरातही आहे. मुलाने विचारलं की तुम्ही बाबांना फोन लावता. रेंज नसली की दुसऱ्या बोटीवरच्या कुणाला तरी लावता. बाई त्याला फोन देतात. बोट बाहेर असली की तो तुमच्याजवळ झोपतो. पोट दुखलं की शाळा नाही. प्रत्येक गोष्ट माया आहे. आणि प्रत्येक गोष्ट त्याला सांगते आहे की खरंच काहीतरी भिण्यासारखं आहे, आणि ते तुला एकट्याला सोसणार नाही. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीवर एक अभ्यास केला. २०२० साली छापून आला. ७ ते १४ वयाची १२४ मुलं. निम्म्या मुलांना नेहमीचा विचार-वर्तन उपचार. उरलेल्या निम्म्यांच्या बाबतीत मुलांना बोलावलंच नाही. फक्त आईवडिलांना बारा भेटींत शिकवलं, की मुलाची भीती मान्य कशी करायची आणि तिच्याभोवती घेतलेले वळसे एकेक करून कमी कसे करायचे. मुलं दोन्ही गटांत सारखीच सुधारली. हा निकाल वाचला तेव्हा आपल्या किनाऱ्यासाठी हे किती उपयोगाचं आहे, असंच पहिल्यांदा मनात आलं. मुलाची शाळा बुडवून दर आठवड्याला खेडला रेल्वे पकडणं सगळ्यांना जमणार नाही. आईला मात्र फोनवरूनही शिकवता येतं.

म्हणून मुंबईच्या अभ्यासाविषयी माझा पहिला प्रश्न असेल: त्यात पालकांचं काम किती आहे? मुलाला आत घेऊन दार लावून तासाने बाहेर सोडणार असतील, तर चिठ्ठीत समुपदेशन निघूनही घरातले वळसे तसेच राहतील.

दुसरा प्रश्न प्रश्नावलीचा. हा कुणी विचारत नाही, आणि मला तो फार टोचतो. बहुतेक अभ्यासांत चिंता मोजायची साधनं इंग्रजीतून आलेली असतात. मुलांसाठीच्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीत ४१ वाक्यं आहेत, मोठ्यांसाठीच्या एकीत सातच प्रश्न आहेत आणि २१ पैकी १० किंवा जास्त गुण आले की पुढे तपासा असं धरतात. मराठीत आणताना बहुतेक ठिकाणी ‘काळजी’ हा शब्द येतो. पण आपल्याकडे काळजी ही दोन गोष्टींची एकच बाटली आहे. ‘काळजी करतो’ म्हणजे घाबरतो, आणि ‘काळजी घेतो’ म्हणजे जीव लावतो. ‘तुला घरच्यांची काळजी वाटते का?’ असं विचारलं की गुणी मूल ‘हो, खूप’ म्हणतं, कारण नाही म्हणणं त्याला वाईटपणाचं वाटतं. उलट, ज्याला खरोखर त्रास होतोय तो म्हणतो, ‘काळजी नाही, पण पोटात कसंतरी होतं.’ बायका म्हणतात ‘जीव घाबरतो’, ‘धसका बसलाय’, ‘हातापायाला मुंग्या येतात’. पुरुष तर बहुतेक फक्त ‘ॲसिडिटी’ म्हणतात. विचारा त्यांना, प्रश्न मराठीत आहेत का, आणि मूल पोटाविषयी बोललं तर ते लिहून घेतात का. चांगले संशोधक या प्रश्नाने खूश होतील.

आता गोळीबद्दल, कारण सासूबाईंची खरी भीती तीच असणार. सरट्रालिन आणि त्या जातीची औषधं झोपेची नाहीत, त्यांची चटक लागत नाही. सुरुवातीला मळमळ, झोप न लागणं, अस्वस्थपणा असं होऊ शकतं. कॅम्समध्येही समुपदेशनाच्या मुलांपेक्षा झोप न लागणं आणि अस्वस्थपणा जास्त आढळला. आणि एक गंभीर गोष्ट आहे जी मी कुठल्याही पालकापासून लपवत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली २४ अभ्यासांतल्या ४,४०० हून अधिक मुलांची माहिती एकत्र केली. नैराश्यविरोधी औषधं (सरट्रालिन त्यांतलंच) घेणाऱ्या मुलांत स्वतःला संपवण्याचे विचार किंवा तसं वागणं सुमारे ४ टक्के आढळलं, औषध नसलेल्या गोळीवर २ टक्के. त्या अभ्यासांत एकाही मुलाचा असा मृत्यू झाला नव्हता. त्यानंतर तिथे या औषधांच्या माहितीपत्रकावर सगळ्यात ठळक इशारा आला. याचा अर्थ औषध देऊ नये असा मी घेत नाही. पहिले काही आठवडे आणि मात्रा बदलताना मुलावर डोळ्यात तेल घालून लक्ष हवं, आणि मूल एकदम चिडचिडं, बेचैन, गप्प झालं किंवा मरणाबद्दल बोललं तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन हवा. म्हणून विचारा: रात्री अकरा वाजता हर्णैहून फोन केला तर उचलणार कोण? नाव आणि नंबर कागदावर द्या म्हणा. आणि ही गोळी घरच्या घरी एकदम बंद करायची नसते, अभ्यासातून बाहेर पडलात तरी नाही. ती हळूहळू उतरवतात.

सहीबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय. शिकत असताना मी एका संस्थेत संशोधनाच्या कामात मदत करायचे. तिथे पालकांना माहितीपत्रक बाहेरच्या बाकावर हातात द्यायचे आणि दहा मिनिटांनी सही घ्यायचे. चार पानं, बारीक टाइप, आणि मराठी असं की मलाच दोनदा वाचावं लागे. एका वडिलांनी सही केली आणि मग मला विचारलं, ‘म्हणजे आता गोळी कधीपासून?’ त्यांच्या मुलाला गोळी मिळणारही नव्हती कदाचित. मी तेव्हा गप्प बसले. ते मला आजही बरोबर वाटत नाही, म्हणून आता सगळ्यांना सांगते: पत्रक घरी घेऊन या. कुठलाही खरा अभ्यास तुम्हाला घरी न्यायला हरकत घेणार नाही. नवरा बोटीवरून परत आला की दोघं बसून वाचा. आणि मुलाला विचारा. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाचं तोंडी हो लागतं, त्यापुढे लेखी. तुमच्या मुलाने ‘नको’ म्हटलं तर तो नकार आहे, हट्ट नाही.

त्या पत्रकावर काही गोष्टी सापडायलाच हव्यात. नीतिसमितीची मंजुरी आणि समितीचा संपर्क. भारताच्या चाचणी नोंदवहीतला, म्हणजे सीटीआरआयचा, क्रमांक. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी झालेली असावी लागते, आणि तो क्रमांक घालून कुणीही घरबसल्या मोबाइलवर अभ्यासाची माहिती वाचू शकतं. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार कोण करणार, भरपाई कशी. केव्हाही बाहेर पडता येईल आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत फरक पडणार नाही, हे स्पष्ट शब्दांत. प्रवासखर्च देणार का, हेही विचारा, लाजू नका. खेडपर्यंत एस.टी., पुढे रेल्वे, दोन माणसांचं जाणं-येणं, एका दिवसाची मजुरी, असं बारा-चौदा वेळा. मध्येच सोडून जाणाऱ्यांमुळे संशोधनही लंगडं होतं. आणि औषध नसलेल्या गोळीवर गेलेल्या मुलाला बारा आठवड्यांनंतर खरा उपचार तिथेच, मोफत मिळणार का? याचं उत्तर ‘बघू’ आलं तर मी माझ्या मुलाला पाठवलं नसतं.

मग तरीही मी ‘हरकत नाही’ का म्हणते? कारण आपली मुलं या मोजणीत नाहीत. कॅम्समधली बहुतेक मुलं अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय गोऱ्या घरांतली होती. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली ती बारा राज्यांत, आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. ज्याचे वडील आठ-आठ दिवस समुद्रात असतात, ज्याने ३ जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ घरावरचे पत्रे उडताना पाहिलं, आणि वादळ म्हणजे काय हे ज्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही, अशा मुलाची भीती ‘अवास्तव’ कितपत म्हणायची? हा प्रश्न बोस्टनमध्ये कुणाला पडणार नाही. तो हर्णैचं मूल त्या खोलीत बसल्याशिवाय पडणार नाही. वादळानंतर माझ्याकडे आलेल्या मुलांत आभाळ भरून आलं की दप्तरात कपडे भरून ठेवणारी मुलं होती. त्यांना ‘वेडा विचार’ म्हणून समजावणं खोटं ठरलं असतं. त्यांना हे शिकवावं लागलं की इशारा आला की काय करायचं, आणि इशारा नसेल तेव्हा दप्तरात वह्याच ठेवायच्या.

आपल्याच किनाऱ्यावर झालेला एक अभ्यास मात्र जगात नाव काढून आहे, आणि तो तुमच्या स्वतःच्या प्रश्नाकडे नेतो. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि संगत संस्थेच्या मंडळींनी केलेला ‘मानस’. हे नावही कोकणी शब्दांतूनच घेतलेलं: मनशांती सुधार शोध. बारा सरकारी आरोग्य केंद्रं आणि बारा खासगी दवाखाने, चिंता आणि नैराश्याने त्रस्त २,७९६ मोठी माणसं. निम्म्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी काम केलं. गरज पडली तरच औषध, त्यापुढे तज्ज्ञ. २०१० साली निकाल आले. सरकारी केंद्रांत निदान पक्कं झालेल्यांपैकी सहा महिन्यांनी ६६ टक्के बरे होते. जिथे ही सोय नव्हती तिथे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही. तिथले रुग्ण समुपदेशकाशिवायही जवळजवळ तेवढेच बरे झाले. मला यातून दिसतं ते असं, की ज्यांना डॉक्टर पाच मिनिटंही देऊ शकत नाही, त्यांना ऐकणारं माणूस मिळालं की सगळ्यात मोठा फरक पडतो.

तुमची धडधड. आधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं इतकं नेहमीचं आहे की ते तपासल्याशिवाय मी चिंतेचं निदान लिहीत नाही. शेजारणीने दिलेली ‘अर्धी गोळी’, अल्प्राझोलाम, घेत असाल तर डॉक्टरला सांगा. ती लगेच बरं वाटवते आणि तिचीच सवय लागते. स्वतःहून एकदम बंदही करू नका. मोठ्यांच्या अभ्यासात नाव द्यायला हरकत नाही. त्यात ध्यानाचा गट असेल तर त्याला ‘औषध नाही मिळालं’ समजू नका. २०२२ साली अमेरिकेत २७६ चिंताग्रस्त प्रौढांना एस्सिटालोप्राम गोळी किंवा आठ आठवड्यांचं शिस्तीचं ध्यान-प्रशिक्षण दिलं, आणि दोन्हींचा गुण सारखाच आला. पण ते प्रशिक्षण म्हणजे आठवड्याला वर्ग आणि घरी रोज पाऊण तास. घरात मासळी निवडणं, सुकवणं, मुलाचा डबा यांतून तो वेळ तुम्हाला कोण काढून देणार, हे आधी घरात बोला.

तुम्ही बऱ्या होणं हे तुमच्यापुरतं नाही. गोल्डा गिन्सबर्ग यांच्या एका अभ्यासात, २०१५ साली प्रसिद्ध, चिंतेचा आजार असलेल्या आईवडिलांची १३६ कुटुंबं होती. मुलं अजून ठीक होती. निम्म्या कुटुंबांना आठ आठवडे एकत्र बसवून शिकवलं. वर्षभरात त्यांच्यातल्या ५ टक्के मुलांना चिंतेचा आजार झाला, आणि ज्या घरांना फक्त माहितीपत्रक मिळालं त्यांच्यातल्या ३१ टक्के मुलांना. तुमच्यामुळे मुलाला झालं, असा अर्थ यातून काढू नका, आणि घरात कुणी काढला तर मला फोन करायला सांगा. धाकटी मुलगी आहे असं तुम्ही लिहिलंय. तिच्यासाठी हे सांगितलं.

मुंबईचं उत्तर यायला वेळ लागेल. तोवर दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे लोक कुठल्या दिवशी येतात ते विचारून घ्या. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहेच, त्या नावाला बिचकू नका. रात्रीबेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. सासूबाईंना गाऱ्हाणं घालू द्या. ‘पोराला हिंमत दे’ असं मागा म्हणा, ‘पोराला काही होऊ देऊ नको’ यापेक्षा ते त्याच्या कानावर बरं पडेल.

आणि घरात एक वळसा आजपासून कमी करा, एकच. मी फोनचा घेईन. मुलाला बसवून सांगा: ‘बोट बाहेर असली की तुला भीती वाटते हे मला माहीत आहे. ती सोसायची ताकदही तुझ्यात आहे. उद्यापासून शाळेतून एकदाच फोन, मधल्या सुट्टीत.’ बाईंशी आधी बोलून ठेवा. पहिले तीन-चार दिवस तो जास्त रडेल, पोट जास्त दुखेल. ते अपेक्षित आहे, तेव्हा माघार घेतली की पुढच्या वेळी दुप्पट जड जातं. आठवडाभर जमलं की फोन दिवसाआड. बाबांना सांगा, किनाऱ्यावर आल्यावर ‘माझी आठवण आली का, घाबरलास का?’ असं विचारायचं नाही. ‘आज शाळेत काय केलंस?’ विचारायचं. बंदीच्या दोन महिन्यांत मूल बरं दिसेल तेव्हा सराव थांबवू नका. बाबांनी एखादी रात्र आत्याकडे राहायला जावं, मुलाने आपल्या अंथरुणावर झोपावं. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटतील तेव्हा पहिल्या रात्री तो किती वाजता झोपला, ते वहीत लिहून ठेवा आणि मला कळवा.